लिदीखालचा आवाज

हे लिहिणारच नव्हतो, कारण त्या दिवशी एलॉयच्या मनात जे आलं ते कुणी उघड बोलत नाही. सांता क्लारा पुएब्लो या कुंभारकाम करणाऱ्या आदिवासी गावात, अंगणात त्यानं आणि त्याचा दोस्त बेनीनं दोन कच्ची मडकी एकाच जाळात भाजायला ठेवली होती. एक एलॉयच्या आईनं मरायच्या आधी घोटून चकचकीत केलेलं, दुसरं बेनीच्या आईनं, डोळे जायच्या आधी. मडकी काळी व्हावीत म्हणून दोघांनी जाळावर घोड्याची सुकी लीद ओतली, आणि आतून फट्‌कन आवाज आला.

एलॉय फावडं घेऊन धावला.

"उकरू नकोस, गाढवा," बेनीची आई खुर्चीतूनच म्हणाली. "हवा लागली तर उरलेलंही काळं न होता लाल पडेल. गप बसा दोघं. आणि जाळापाशी वाईट काही मनात आणू नका, माती ऐकते."

दोघं धूर बघत बसले.

"कुणाचं गेलं असेल रे?" बेनीनं हळूच विचारलं.

माझ्या आईचं नको, एवढंच एलॉयच्या मनात येत होतं. मग उरत होतं एकच.

"बेनी, तुझं फुटलेलं निघालं ना," तो म्हणाला, "तर मला बरं वाटलेलं तुला दिसू देणार नाही. शब्द देतो."