किल्ल्यांचं झाड

“त्या मावशींना फोन लाव आणि सांग, जागा भरल्या,” साहेब म्हणाले.

“भरल्या कुठे? अकरा शिल्लक आहेत,” विमान म्हणाला.

विमान हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सहल कंपनीच्या फोनवर तो परदेशातल्या गावांबद्दल असं काही बोले, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गडी आत्ताच तिथून उतरून आलाय. सोबतचे चिडवत, “काय विमान, आज कुठं उतरलास?” हाही हसून भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवी. परत आलेल्या प्रवाशांना तो खोदून खोदून विचारी, पायऱ्या किती, पाणी कसं, माणसं कशी. नऊ वर्षांत एक रजा नाही की एक खाडा नाही. पाचला साहेब घरी जात, तेव्हाही हा उद्याची गावं वाचत बसलेला असे.

साहेबांनी आवाज उतरवला. “सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला होता. आई हट्टाला पेटलीये, तुम्हीच काहीतरी सांगून कटवा म्हणाला. आपण कशाला कुणाच्या घरात पडायचं?”

“मावशी सहासष्ट वर्षांच्या आहेत. त्यांचं त्या ठरवतील की!”

“जास्त शहाणपणा नको. नाहीतर उद्यापासून खाली शिवणखात्यात बसशील. आणि नियम लक्षात आहे ना? आपलं नाव सांगायचं नाही, कुठून बोलतो तेही सांगायचं नाही.”

नियम पाठ होता. शिवणखातंही पाठ होतं. पांढऱ्या कापडाचे ढीग, दिवसभर मशीनची घरघर, आणि भिंतीवर नकाशा नाही. फोन गेला की सगळं जगच गेलं. तरी त्याने नंबर फिरवला.

साहेब खुर्ची ओढून समोरच बसले.

“मावशी, पाचच्या आत तुमचा होकार हवा,” विमान म्हणाला. “तुमच्याच तोंडून. एकदा इथं नोंदला गेला, की तुमच्याशिवाय कुणाच्या बापाला रद्द करता येणार नाही.”

साहेबांनी डोळे वटारले. विमानने नजर नकाशावर वळवली.

“अहो भाऊ, इथं महाभारत चाललंय,” मावशी म्हणाल्या. “मुलगा म्हणतो, गुडघ्यांचं काय?”

“नातवाला शाळेतून कोण आणतं?”

“मीच की. रोज. तीन मजले चढून.”

“तेव्हा गुडघे कुणाचे असतात?”

मावशी खुदकन हसल्या. “तुम्ही भारीच आहात बाई! बरं, ते झाडाचं पुन्हा सांगा ना.”

हे त्याचं आवडतं गाव होतं. तो सावरून बसला. “वर्षातून एक दिवस त्या गावात कुलूप लावत नाहीत. सकाळी सगळे आपापल्या किल्ल्या घेऊन चौकात येतात आणि झाडाला टांगतात. वारा आला की अख्खं झाड वाजतं. दिवसभर सगळी दारं सताड उघडी. कुठल्याही घरात शिरा, बसा, पाणी मागा. कोण म्हणून कुणी विचारत नाही. चौकाला चाळीस पायऱ्या आहेत. सातवी तुटकी आहे, तेवढी जपून.”



“पण पासपोर्ट मुलाच्या कपाटात आहे,” मावशी हळूच म्हणाल्या. “कपाटापुढेच उभी आहे मी.”

“किल्ली कुठे आहे?”

“कपाटालाच लटकलीये.”

“मग अडलं कुठे?”

“न विचारता कशी उघडू?”

विमानचा पारा चढला. “मावशी, राग मानू नका, पण हे मला बघवत नाही. किल्ली डोळ्यांसमोर लटकलीये, आणि तुम्ही परवानगी मागताय! लोकांना काय काय करावं लागतं एका किल्लीसाठी!”

“फोन ठेव,” साहेब दात चावत म्हणाले.

विमानने मानेनेच नाही म्हटलं. साहेब उठले.

“भाऊ, एक विचारू?” मावशी म्हणाल्या. “मुलगा म्हणतो, फोनवरचा कोण कुठला माणूस, बसतो कुठे तेही माहीत नाही, आणि त्याच्या भरवशावर निघालीस? मला उत्तरच देता आलं नाही हो. खोटं मला खपत नाही. तुम्ही कुठून बोलता, तेवढं खरं सांगा. मग म्हणते हो.”

साहेबांनी फोनकडे हात पुढे केला होता. घड्याळात पाचला चार मिनिटं कमी होती. खरं सांगितलं तर फोन जाणार होता, आणि कदाचित मावशीही जाणार नव्हत्या. एक थाप मारली असती तर दोन्ही वाचलं असतं. थापा मारायला त्याला कुणी शिकवायला नको होतं.

पण या बाईशी त्याला खोटं बोलवेना. त्याने साहेबांचा हात बाजूला सारला.

“मावशी, परत आलात की झाडाचे फोटो दाखवायला या. मंगळवारी दोन ते चार भेटू देतात. जाळीच्या अलीकडे काही घेता येत नाही, तिकडूनच धरा, मला दिसेल. कैदी नंबर दोनशे चौदा म्हणून सांगा. आणि पत्ता लिहून घ्यायची गरज नाही, रिक्षावाल्याला नुसतं जेल म्हणा.”



“हो,” मावशी म्हणाल्या, आणि मागोमाग कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला.