आबिदाची पांढरी

अयूबभाईंचा डोळा लागला आणि हाक द्यायची वेळ टळली. कबूतर उपाशी उडवायचं आणि ऊन कललं की गच्चीवरून 'आ, आ' करत ज्वारी उधळायची, ही चंद्रपुरातल्या कबूतरबाजांची जुनी रीत. हाक नाही मिळाली, तर भुकेलं पाखरू दाणा दिसेल तिथं उतरतं. ते जागे होऊन उठले तेव्हा पांढरी कबूतरी तलावाकाठच्या इस्तारीच्या छतावर उतरत होती. इस्तारीनं मासे धरायचं जुनं जाळं अलगद तिच्यावर टाकलं.

ज्याच्या छतावर उतरलं, त्याचं झालं. रडून-भेकून उपयोग नाही. फक्त कबूतर मंडळातल्या माणसाचं पाखरू परत द्यायचं, तेही त्याच्या घरी नेऊन. अयूबभाई मंडळात नव्हते. 'कबूतर उडवाले मंडळ कायले पायजे? पंख त्याले अल्लानं देल्ले,' असं म्हणत त्यांनी सारा जन्म मंडळाची टिंगल केली. त्यावर हसायला तेव्हा बायको, आबिदा, होती. आता घरात कोणी नव्हतं. पोरगा नबील हैदराबादला, त्याचा फोन ईदला. आबिदानं हातावर दाणे देऊन वाढवलेली ही पांढरी तेवढी उरली होती.

अयूबभाई नाक मुठीत धरून इस्तारीच्या दारात गेले.

"ते पांढरी आबिदाची हाये," ते म्हणाले.

इस्तारीनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी मंडळात हा का, भाऊ?"

"नाई."

"मंग आजपासून तुमी मंडळात. मी सांगतो सगळ्यायले. तुमी घरी जा. पाखरू घरी आनून द्या लागते, कायदा हाये तसा."

थोड्या वेळानं इस्तारी पांढरीला छातीशी धरून आला. अयूबभाईंनी फडताळात हात घालून मागं पडलेला दुसरा कप काढला. धुवावा लागला. इस्तारी चहा पीत बोलत बसला. तलावात वाढलेली बेशरमाची झुडपं, बायको गोकुळाचे दुखरे गुडघे, कोणाची कबूतरी अंड्यांवर बसली ते. अयूबभाई नुसते ऐकत होते. त्यांना फार बरं वाटत होतं. मग इस्तारी उठून गेला आणि घर पुन्हा चूप झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढरीला उपाशीच उडवलं. ऊन कललं. ती गच्चीवर घिरट्या घालत हाकेची वाट पाहू लागली. अयूबभाई टक्क जागे होते. मुठीत ज्वारी होती. पांढरी आणखी एकदा डोक्यावरून गेली, मग तलावाकडे वळली.

ज्वारी खिशात टाकून ते खाली आले आणि दोन कप चहाचं आधण ठेवलं.