नाटकाच्या दुसऱ्या सकाळची सभा

वडशाच्या राइस मिल संघटनेनं जरीनाबाईंना सचिव केलं, कारण इतिवृत्त लिहायला कोण्या पुरुषाला सवड नव्हती. सचिवाला अधिकार म्हणाल तर एकच: सभेची तारीख ठरवायची. भारनियमनात कोणाची मिल कधी चालणार हे सभा ठरवायची, आणि जरीनाबाईंच्या वाट्याला दरवर्षी रात्रीचीच पाळी यायची. रात्री कामाला बाया येईनात. आणखी एक हंगाम असाच गेला, तर मिलला कुलूप लागणार होतं.

यंदा बाईंनी सभा ठेवली ती गावात रात्रभर रंगलेल्या नाटकाच्या दुसऱ्या सकाळी. नाटक सोडून घरी झोपेल असा मिलवाला वडशात जन्मायचा आहे. गणसंख्या पूर्ण होती. कोवळ्या उन्हात, धानाच्या कोंड्याच्या उबदार वासात सारे सभासद आपापल्या खुर्चीत झोपेत तरंगत होते. एक जण स्वप्नातल्या नायिकेला "नोको जाऊ" म्हणून विनवत होता.

जरीनाबाईंनी ठराव वाचला. "यंदा दिवसाची पाळी माह्या मिलले. कोनाचा विरोध असन तं हात वर करा, भाऊ."

एक हात वर गेला. हातानं नाकावरची माशी हाकलली आणि तो मांडीवर परत येऊन निजला.

"ठराव मंजूर!" बाईंचा आवाज आनंदानं चढला.

शेजारी अध्यक्ष बाबूभाईंनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल वो बाई. उठतीन ना सारे."