जपलेला आकडा

शहाण्णव साली मस्कतपासून तीन तासांवरच्या एका खेड्यात धरणाच्या सर्व्हेला गेलो होतो. सात घरं, एक पाण्याचा पाट, खजुराची थोडी झाडं, एवढाच तिथला इतिहास-भूगोल. बुडणाऱ्या प्रत्येक घरावर मी तांबडा आकडा टाकत होतो. गावात धरणाचं नाव काढायचं नाही, अशी साहेबांची ताकीद होती.

शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या सालिमने माझ्यापुढे खजूर ठेवले आणि इंजिनिअरला अरबीत म्हणतात तशी हाक मारून मोडक्या हिंदीत विचारलं, “मुहंदिस, ये नंबर किसलिए? बिजली आएगी?”

“इन्शाल्ला,” मी नजर चुकवत म्हणालो.

महिन्याभराने मोजमाप तपासायला पुन्हा जावं लागलं. गाडी दिसताच सालिम लगबगीने आला आणि मला हाताला धरून घरापाशी घेऊन गेला. ईदसाठी त्याने सगळ्या भिंतींना चुना दिला होता. माझा आकडा तेवढा जपून मोकळा सोडला होता.

“देखो, मिटाया नहीं!”

गावाकडे आमच्या आबांनीही घरावरचा आकडा असाच दोन दिवाळ्या जपला होता. तिसऱ्या दिवाळीला भिंतच पाण्याखाली होती.