कानामागची वेणी

"हे कोणाला खरं वाटायचं नाही," म्हाताऱ्या शिंप्याने बेधडक सुरुवात केली. थापा मारण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आज लेकीने बजावलं होतं, कुत्रीच्या केसांत एक जरी गाठ सापडली तर तिला मी माझ्याकडे नेणार. शिंपी रोज वरवरच ब्रश फिरवायचा. वरून रेशीम, आत गुंता! लेकीचा कंगवा नेमका डाव्या कानामागे अडकला.

"अगं, मी मुळापासून विंचरतो. पण दुपारी माझा डोळा लागला की कोणीतरी तिथे वेणी घालतं. एकच, तिपेडी, दोऱ्याएवढी बारीक."

थाप जमतेय म्हटल्यावर त्याला चेव आला.

"मी सोडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. घट्ट, सफाईदार. असा हात माझाही नाही."

लेकीने कंगवा खाली ठेवला. कुत्री मात्र मान कलती करून, डोळे मिटून बसून राहिली, कोणी विंचरत असावं तशी.

लेकीने तिचा कान उचलला.

"बाबा, धादांत खोटं बोलता तुम्ही," ती हळूच म्हणाली. "एकच कुठे? दोन आहेत. आणि दुसरी अजून अर्धीच घालून झालीय."