साक्षीदाराची सही

सकाळी वॉर्डातल्या एका वृद्ध शिक्षकांनी सडलेला पाय कापायला साफ नकार दिला. "आलो तसा अख्खा जाईन," म्हणत ते हसले. मी ते शब्द फाइलमध्ये उतरवले. दुपारी सणकून ताप चढला. लेकीने ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढे केला, त्यांनी निमूट पेन धरलं. साक्षीदाराची सही मी करायची होती. "गुरुजी, कागद कसला?" मी विचारलं. "मुलांच्या सहलीचा. पालकांची परवानगी नको?" मी कागद काढून घेतला. लेक कळवळली, "सिस्टर, पाय कापला तरच बाबा जगतील! तुमचे वडील असते तर?" मी गडबडले. मीही भांडलेच असते. डॉक्टरांनी येऊन नोंद वाचली. "ताप उतरला की पुन्हा विचारू." "नाही उतरला तर?" लेकीने मलाच विचारलं. मी गार पाणी आणलं आणि आम्ही दोघी कपाळावरच्या पट्ट्या आळीपाळीने बदलत बसलो.