गालाचं ठिगळ

डॉक्टरीणबाईंनी यंत्र बंद केलं आणि छोटा टॉर्च पुन्हा मास्टरांच्या तोंडात धरला.

मास्टर खुर्चीत आडवे पडले होते. डोळ्यांवर काळं झाकण, ओठ उघडे ठेवायला प्लास्टिकची कडी. ते शिंपी. मागच्या वर्षी तंबाखूने त्यांचा डावा गाल आतून खाल्ला, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी छातीची कातडी उचलून तिथे शिवली. जीव वाचला, पण आपण कुठे आलोय याचा त्या कातडीला पत्ताच नव्हता. छातीवर उगवायचे तसे केस ती तोंडातही उगवत राहिली. घास अडकायचा, जिभेला टोचायचं. "दुसऱ्याच कापडाचं ठिगळ," मास्टर म्हणायचे, "पोत जुळायचा कसा?"

म्हणून हे लेझर. उजेड केसातल्या काळ्या रंगाला धरून मुळापर्यंत उतरतो, तिथे चटका देतो, आणि चटका बसलेलं मूळ बहुतेक पुन्हा उगवत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. दोन खेपांच्या मधल्या काळात केस उपटायचे नाहीत, नुसते कापायचे. "सगळेच जाणार नाहीत, काका. उरतील ते बारीक लव होऊन राहतील. पांढऱ्यांना मात्र हा उजेड लागत नाही."

"मग तोंडात कलप लावून येऊ का?" मास्टरांनी विचारलं होतं, आणि बायकोसुद्धा हसली होती.

खेपेगणिक केस खरंच विरळ होत गेले. उरलेले बायको रोज सकाळी खिडकीशी बसून लहान कात्रीने कापायची.

"काकू, जरा इकडे या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिवणीच्या कडेला एक पांढुरका चट्टा होता, मधे लालसर. "हे असं कधीपासून आहे?"

बायकोने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मला नाही दिसलं."

डॉक्टरीणबाईंनी कडी काढली. मास्टरांनी रुमालाने हनुवटी पुसली, डोळ्यांवरचं झाकण काढलं.

"दिसलंय तिला," ते म्हणाले. शब्द गालात अडखळत होते. "हल्ली त्या कडेशी आली की कात्री थांबते तिची. आधी नव्हती थांबत."

"अहो, मला वाटलं, तोंड आलं असेल."

"हो ना. मी विचारलं असतं, तर तुला सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो."

बायकोने पदराने डोळे टिपले. मग तिने त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.

"आज लाइट मारत नाही मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोठ्या डॉक्टरांना फोन करते. तुम्ही आत्ताच वर जा."

"थोडेच राहिलेत. तेवढे मारून टाका की."

"नाही, काका. आता नाही." आणि त्या बंदच असलेल्या यंत्राची बटणं उगीच चाचपत राहिल्या.

वरच्या मजल्यावर बाकावर माणसं दाटीने बसली होती. टोकाला दोघांपुरती जागा मिळाली. ऑपरेशन झाल्यापासून मास्टर कुणासमोर जेवत नसत. घास ओठाच्या कडेने बाहेर यायचा, बोटाने आत सारावा लागायचा. ताट घेऊन ते मागच्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. बायकोलाही आत यायला बंदी.

"डबा आणलायस ना?" त्यांनी विचारलं. "उघड."

"इथे? सगळे बघतायत."

"बघू देत."

तिने डबा उघडला. मऊ भात होता, चमचा एकच. मास्टर सावकाश खाऊ लागले. भात ओठाशी आला की बोटाने आत ढकलायचे, पण मान वळवली नाही. समोरच्या बाईने नजर दुसरीकडे नेली. बायको मात्र बघत राहिली, पोटभर.

मग त्यांनी चमचा भरून तिच्यापुढे धरला. "तूही घे."

तिने घेतला. एक घास त्यांचा, एक तिचा.

दार उघडून नर्सने नंबर पुकारला. मग पुन्हा, जरा मोठ्याने.

"थांबा थोडं," बायको बसल्या जागेवरूनच म्हणाली. "आम्ही जेवतोय."